‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’तील न्याय आणि सूड : हिरोनिमोच्या व्यक्तिरेखेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एलिझाबेथकालीन इंग्लंडच्या रंगभूमीवर सूडनाट्याचा प्रकार रूढ करण्याचे श्रेय थॉमस किड (१५५८-१५९४) याच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ या नाटकाला दिले जाते. लंडनच्या ‘रोझ’ नाट्यगृहात १५९२ साली या नाटकाचे प्रयोग झाल्याच्या नोंदी फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबवहीत आढळतात. १६३३ पर्यंत त्याच्या किमान दहा आवृत्त्या निघाल्या. मृताचे भूत, नायकाचे वेड, सूडातील विलंब आणि नाटकात नाटक ही त्यातील सामग्री पुढे ‘हॅम्लेट’मध्ये अधिक परिणत रूपात दिसते. ‘हॅम्लेट’ गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून मराठीत आले. त्यामुळे या परंपरेचे परिणत रूप मराठी वाचकाला परिचित आहे, तिचा आरंभ मात्र तितकासा परिचित नाही.

या नाटकाची चर्चा बहुधा त्यातील रक्तपात आणि रोमन नाटककार सेनेका याचा प्रभाव या दोन मुद्द्यांभोवती फिरते. तथापि, सूड घेणारा नायक स्वतः न्यायाधीश आहे, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. किडने असा नायक का निवडला आणि त्या निवडीचा तत्कालीन समाजस्थितीशी काय संबंध होता, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

कथानकाचा गाभा :

स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या युद्धात पोर्तुगीज राजपुत्र बाल्थाझार याच्या हातून डॉन आंद्रेया मारला जातो. आंद्रेयाचा मित्र होरेशियो हा बाल्थाझारला कैद करतो. आंद्रेयाची प्रेयसी बेल-इंपेरिया पुढे होरेशियोवर अनुरक्त होते. तिचा भाऊ लोरेन्झो हा स्पेनच्या राजाचा पुतण्या असून बहिणीचा विवाह बाल्थाझारशी व्हावा अशी त्याची इच्छा आहे. तो आणि बाल्थाझार मिळून होरेशियोला त्याच्याच वडिलांच्या बागेतील मांडवात फासावर लटकवून भोसकतात. हिरोनिमो हा या होरेशियोचा पिता होय. पुढील सर्व नाटक म्हणजे त्याने पुत्राच्या खुनाची दाद मागण्याचा आणि ती न मिळाल्यावर सूड घेण्याचा प्रवास आहे.

न्यायाधीशच फिर्यादी :

हिरोनिमो हा दरबारातील ‘नाइट मार्शल’ आहे. कथा स्पेनमध्ये घडत असली तरी हे पद इंग्लंडच्या राजदरबारातील आहे. राजनिवासापासून बारा मैलांच्या परिघातील गुन्ह्यांवर या अधिकाऱ्याची हुकमत चाले. म्हणजेच दरबाराच्या आसपास झालेल्या खुनाचा न्याय करणे हे हिरोनिमोचे नेमून दिलेले कर्तव्यच आहे. खून त्याच्या अधिकारक्षेत्रात घडला, तोही त्याच्याच घरी. आणि तरीही त्याला न्याय मिळू शकत नाही. नाटकातील शोकात्म पेच येथे आहे.

पेद्रिंगानोच्या खटल्यात हा पेच सर्वांत तीव्रतेने व्यक्त होतो. होरेशियोच्या खुनात सामील असलेल्या या नोकराकडून लोरेन्झो दुसऱ्या साथीदाराला ठार करवतो आणि माफीपत्र पाठवण्याचे आमिष दाखवून त्याला फाशीपर्यंत पोहोचवतो. पेटीत माफीपत्र आहे या भरवशावर पेद्रिंगानो वधस्तंभावरही थट्टा करीत राहतो. पेटी मात्र रिकामी असते. या खटल्याचा न्यायाधीश हिरोनिमोच आहे. तो नियमानुसार शिक्षा देतो आणि नकळत आपल्या पुत्राच्या खुनाचा साक्षीदार नाहीसा करतो. न्याययंत्रणा अचूक चालते. पण तिचा लाभ खऱ्या गुन्हेगाराला होतो. पेद्रिंगानोजवळ सापडलेल्या पत्रातून सत्य उघड होते तेव्हा उशीर झालेला असतो.

यानंतर हिरोनिमो लगेच शस्त्र उचलत नाही, ही बाब महत्त्वाची आहे. तो राजाकडे दाद मागण्यास जातो. येथे किडने राजाला अन्यायी दाखवलेले नाही. होरेशियो मारला गेला आहे हेच राजाला ठाऊक नाही. लोरेन्झो वाट अडवतो आणि पुत्राला मिळणाऱ्या खंडणीच्या लोभाने म्हातारा भ्रमिष्ट झाला आहे, असे राजाला सांगतो. राजा सहानुभूतीने खंडणी देऊ करतो. सत्ताधीश दयाळू आहे. मात्र त्याच्यापर्यंत सत्य पोहोचण्याचा मार्ग गुन्हेगाराच्या हाती आहे.

पुढे काही गरीब अर्जदार हिरोनिमोकडे येतात. त्यांत बाझुल्टो नावाचा वृद्ध आहे. त्याच्याही मुलाचा खून झाला आहे. हिरोनिमो भ्रमाच्या भरात त्यांचे कागद दातांनी फाडतो. ज्याचा अर्ज ऐकला गेला नाही, तोच इतरांचे अर्ज नष्ट करतो. एका माणसावरील अन्याय त्याच्यावर विसंबून असलेल्या सर्वांवरील अन्याय कसा बनतो, हे या प्रसंगातून प्रत्ययास येते. किडचा पिता फ्रान्सिस हा लंडनमध्ये दस्तऐवज लिहून देण्याचा व्यवसाय करीत असे. अर्ज आणि करारपत्रे यांचे सामान्य माणसाच्या जीवनातील मोल लेखकाने घरातच पाहिले असणार, असे अनुमान करण्यास जागा आहे.

स्त्री-व्यक्तिरेखा :

बेल-इंपेरिया ही केवळ प्रेयसी नाही. कैदेत असताना ती स्वतःच्या रक्ताने पत्र लिहून मारेकऱ्यांची नावे कळवते. हिरोनिमो त्या पत्रावर चटकन विश्वास ठेवत नाही. त्याचा हा संशय न्यायाधीशाला शोभणारा आहे. मात्र बेल-इंपेरियाच्या दृष्टीने तो अक्षम्य विलंब आहे. होरेशियोची माता इसाबेला हिच्याकडे पद नाही, अधिकार नाही. ती वेडाच्या भरात बागेतील मांडव तोडून टाकते आणि आत्महत्या करते. ज्यांना दाद मागण्याचा मार्गच नाही, त्यांचा क्रोध अखेर स्वतःवरच उलटतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

हे नाटक लिहिले गेले त्या सुमारास इंग्लंडमध्ये सूड आणि कायदा यांतील सीमा अस्पष्ट होती. खाजगी सूड धर्माने आणि कायद्याने निषिद्ध होता. तरीही १५८४ साली राणी एलिझाबेथच्या रक्षणासाठी हजारो इंग्रजांनी एका शपथपत्रावर सह्या केल्या. राणीच्या जिवावर उठणाऱ्याचाच नव्हे, तर ज्याच्या लाभासाठी तसा प्रयत्न होईल त्याचाही जीव घेण्याची ती प्रतिज्ञा होती. १५८५ च्या कायद्याने या प्रतिज्ञेला चौकशीची आणि निवाड्याची चौकट दिली. अशा वातावरणात सूड आणि न्याय यांतील भेदाचा प्रश्न प्रेक्षकांना परका नव्हता.

कथेसाठी स्पेनची निवडही सूचक आहे. १५८० मध्ये स्पेनच्या फिलिप दुसरा याने पोर्तुगालचे राज्य ताब्यात घेतले. गोव्यासह पोर्तुगीज वसाहतीही १६४० पर्यंत स्पेनच्या राजाच्या अंमलाखाली राहिल्या. शत्रुराष्ट्राच्या दरबारातील अन्याय दाखवण्यास लंडनमध्ये आडकाठी नव्हती. मात्र त्या दरबारातील न्यायाधीशाला इंग्रजी पदनाम देऊन किडने प्रश्न घरचाच असल्याचे सुचवले आहे.

सूडाची किंमत :

अखेरीस हिरोनिमो राजविवाहाच्या निमित्ताने नाटक बसवतो. त्यात तो लोरेन्झोला आणि बेल-इंपेरिया बाल्थाझारला खरोखरच ठार करते. त्यानंतर ती स्वतःचाही अंत करून घेते. पुत्राचे शव दाखवून हिरोनिमो दरबारापुढे सर्व हकिगत मांडतो. त्याला न मिळालेली सुनावणी ती हीच. परंतु पुढे तो लोरेन्झोच्या पित्यालाही मारतो. खुनात त्या पित्याचा कोणताही हात नव्हता. येथे न्यायाधीश स्वतःच अन्याय करतो. न्यायाच्या अभावी सूडाला जन्म मिळाला तरी सूड हा न्यायाचा पर्याय ठरत नाही, हे किड प्रेक्षकांच्या सहानुभूतीला धक्का देऊन दाखवतो. नाटकाच्या आरंभीही पाताळातील तीन न्यायाधीशांना आंद्रेयाचा निवाडा करता येत नाही आणि मूर्तिमंत ‘सूड’ त्याच्या सोबतीला दिला जातो. निवाडा थांबतो तेथे सूड प्रवेश करतो, हे सूत्र पहिल्याच प्रवेशात मांडलेले आहे.

नाटककाराचे प्राक्तन :

मे १५९३ मध्ये लंडनमधील परदेशी रहिवाशांविरुद्ध चिथावणीखोर मजकूर लावला गेला. त्या चौकशीत किडला अटक झाली. त्याच्या कागदांत धर्मविरोधी लेखन सापडले. ते आपले नसून पूर्वी एकाच खोलीत लिहीत असताना ख्रिस्तोफर मार्लोचे कागद आपल्या कागदांत मिसळले, असे त्याने सांगितले. त्याचा शारीरिक छळ करण्यात आला. सुटकेनंतर आश्रयदात्याची मर्जी पुन्हा लाभावी म्हणून त्याने राजमुद्रेचा रक्षक सर जॉन पकरिंग याच्याकडे लेखी विनवणी केली. १५९४ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. नाटक या घटनांच्या आधीचे असल्याने त्यात आत्मचरित्र शोधणे योग्य होणार नाही. परंतु हिरोनिमोच्या तोंडून न्यायासाठी आक्रोश करवणाऱ्या लेखकावर स्वतः अर्जदार होण्याची वेळ आली, ही वस्तुस्थिती त्या काळाविषयी बरेच सांगून जाते.

निष्कर्ष :

१. ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’चे केंद्र रक्तपात नसून दाद मागण्याची बंद झालेली वाट हे आहे.

२. नायक न्यायाधीश असल्यामुळे त्याचे वैयक्तिक दुःख न्यायसंस्थेच्या अपयशाचे रूप घेते.

३. किड हिरोनिमोविषयी सहानुभूती निर्माण करतो. मात्र निरपराधाच्या वधातून त्याच्या सूडाचे समर्थन नाकारतो.

४. सूडनाट्याची लोकप्रियता प्रेक्षकांच्या क्रौर्यप्रियतेपुरती मर्यादित मानता येत नाही. आपले म्हणणे सत्तेपर्यंत पोहोचेल का, ही त्या समाजाची चिंता तिच्या मुळाशी होती.