न सापडण्याचा इतिहास: कोलारची खाण, जिनिव्हाचा बोगदा आणि २८ कोटींतली एक सरकी

१/ इतिहासाच्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते: "याचा कागद कुठेच नाही, म्हणजे हे घडलेच नाही." या वाक्यात तथ्य किती? आज त्याचे उत्तर दफ्तरखान्याबाहेर, पदार्थविज्ञानाच्या इतिहासात शोधू. तेथील एका शोधात जवळजवळ तीस वर्षे हाती काहीच लागले नव्हते. तरीही ती वर्षे वाया गेली नाहीत. (धागा)

२/ प्रथम कथेतील मुख्य पात्र. १९३६ मध्ये कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना वैश्विक किरणांत एक नवा कण आढळला. तोच म्यूऑन: इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड भाऊबंद. वातावरणाच्या वरच्या थरांत जन्मलेले म्यूऑन अखंड खाली बरसत असतात. मोर्शीच्या संत्राबागेत तळहात आभाळाकडे धरून उभे राहिलात, तर दर सेकंदाला एखाद-दुसरा म्यूऑन त्यातून आरपार जाईल.

३/ म्यूऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट. मग तो जमिनीपर्यंत पोहोचतो कसा? वैश्विक किरणांतील असा जड कण वेगात असताना सापेक्षतावादानुसार अधिक काळ टिकलेला दिसेल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच मांडले होते. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षअखेरीस ती मुंबईत आली. वैश्विक किरण हा तिचा आरंभापासूनचा विषय.

४/ म्यूऑन किती खोलवर शिरतात, हे मोजण्यासाठी या संस्थेचे संशोधक कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. जसजसे खाली जावे तसतशी म्यूऑनांची संख्या घटत गेली. १९६० च्या दशकाच्या आरंभी सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर उपकरणे ठेवली गेली. दोन महिन्यांत तेथे एकही म्यूऑन नोंदला गेला नाही.

५/ वरवर पाहता हे अपयश. परंतु संशोधकांनी त्या शांततेचा अर्थ लावला. वरून येणारे म्यूऑन इतक्या खोलीवर जवळजवळ संपत असतील, तर तेथे आडव्या दिशेने आलेला म्यूऑन खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असणार. १९६५ मध्ये भारतीय, जपानी आणि ब्रिटिश संशोधकांच्या गटाने त्याच खाणीत वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद प्रसिद्ध केली. जगातील अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक होती.

६/ आता खाणीतून कोलायडरकडे. तेथे कणांची टक्कर घडवून नवे, क्षणभंगुर कण निर्माण करतात आणि ते कशात विघटित होतात हे पाहतात. 'बी-एस' हा असाच एक कण. त्याचा क्षय नाना प्रकारे होतो. त्यातला एक प्रकार म्हणजे केवळ दोन म्यूऑन. त्यासाठीची सरळ वाट निसर्गनियमांनी बंद आहे. उरते ती अतिशय अरुंद आडवाट.

७/ किती अरुंद? सिद्धान्तानुसार साधारण २८ कोटी बी-एस कणांपैकी एक. वऱ्हाडी हिशेबाने सांगायचे तर एका सरकीचे वजन दशांश ग्रॅम धरा. २८ कोटी सरक्या म्हणजे सुमारे २८० क्विंटल. अकोल्याच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात तेवढा ढीग घालावा आणि त्यातली नेमकी एक सरकी हुडकावी, असे हे काम.

८/ एवढा खटाटोप कशासाठी? त्या आडवाटेवर आजवर न दिसलेले जड कणही डोकावू शकतात. तसे झाले, तर क्षयाचे प्रमाण भाकितापेक्षा वेगळे येईल. म्हणजे जो कण यंत्रात थेट निर्माण करता येत नाही, त्याचाही माग या एका आकड्यावरून लागू शकतो.

९/ 'बी' जातीच्या कणांचा असा क्षय शोधण्याचे काम १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत सुरू झाले. प्रत्येक प्रयोगाचे उत्तर एकच: सापडला नाही. पण कोणीही तेवढेच लिहून थांबले नाही. 'आम्ही एवढे कण तपासले, आमच्या यंत्राची नजर एवढी तीक्ष्ण होती. तेव्हा या क्षयाचे प्रमाण अमुक आकड्याहून अधिक नसावे,' असे ते लिहीत. ही वरची मर्यादा हळूहळू हजारो पटींनी खाली आली.

१०/ पुढचा टप्पा जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा. त्यावरील सीएमएस या महाकाय उपकरणात मोठ्या चुंबकाबाहेर ऊर्जा मोजणारा एक थर आहे. तो टाटा संस्थेच्या पुढाकाराने भारतीय गटाने उभारला. बहुतेक कण आतल्या थरांतच अडतात. म्यूऑन मात्र सारे भेदून बाहेरच्या कक्षांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच तो ओळखता येतो.

११/ आणखी एक शिस्त. उत्तर ज्या पट्ट्यात दिसण्याची शक्यता होती, तो पट्टा संशोधकांनी स्वतःपासूनच झाकून ठेवला. कोणती नोंद ग्राह्य, कोणती त्याज्य, याचे निकष आधी ठरले. पडदा नंतर उघडला. हवे ते उत्तर नकळत निवडले जाऊ नये, हा हेतू.

१२/ नोव्हेंबर २०१२ मध्ये एलएचसीबी प्रयोगाला पहिला ठोस संकेत मिळाला. २०१५ मध्ये सीएमएस आणि एलएचसीबी यांचा एकत्रित निष्कर्ष 'नेचर'मध्ये आला: प्रमाण १०० कोटींत सुमारे २.८, खात्री ६.२ सिग्मा. शोध मानण्यासाठी ५ सिग्मा लागतात. म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. आकडा मोजमापाच्या मर्यादेत भाकिताशी जुळला. नवे कण सुचवणाऱ्या अनेक कल्पनांना त्यामुळे फारच थोडी जागा उरली.

१३/ आता आपल्या विषयाकडे. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजी कारभाराखाली गेले, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. कारभार बदलत गेला, तशा दफ्तरांच्या जागाही बदलल्या. अशा प्रदेशाविषयी 'उल्लेख नाही' म्हणताना कोणती दफ्तरे, कोणत्या लिपीतली, किती वर्षांची तपासली, हे सांगणे अत्यावश्यक ठरते. मोडी न वाचता आणि फारसी कागद न पाहता काढलेला 'नाही' फार दुबळा असतो.

१४/ याच क्षयाचा एक जुळा प्रकार, म्हणजे साध्या 'बी' कणाचे दोन म्यूऑनांत विघटन, १ हजार कोटींत सुमारे एकदाच अपेक्षित आहे. तो अजून सापडलेला नाही. शोध चालू आहे आणि त्याचीही मर्यादा आकड्यात लिहिलेली आहे. तुमच्या गावाविषयी 'याचा पुरावा नाही' असे कोणी म्हणाले, तर वाद घालण्याआधी एवढेच विचारा: कुठे कुठे शोधले?