तळटीप १४ : ओव्हरलॅप सिंड्रोम

१४. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आणि झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा स्लीप ॲप्निया एकाच रुग्णात असले, तर त्याला ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ म्हणतात. एडिनबरोच्या डॉ. डेव्हिड फ्लेन्ली यांनी १९८५मध्ये हे नाव रूढ केले. अशा रुग्णाच्या रक्तात मुळातच बेताचा असलेला ऑक्सिजन झोपेत घसा मिटला की आणखी घसरतो. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. आपल्याकडे आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो. त्यांना जोडीला स्लीप ॲप्निया असला, तरी घोरणे आणि दिवसाची पेंग ‘वय झालं’ म्हणून सोडून दिली जाते, हे फार वाईट आहे. मूळ मजकुरातील आजींना रात्री नुसता ऑक्सिजन लावल्यावर सकाळी डोके दुखे, याचे कारणही बहुधा ओव्हरलॅप सिंड्रोमच. ऑक्सिजनने मिटलेला घसा उघडत नाही. उलट श्वास अडण्याचा काळ लांबू शकतो, कार्बन डायऑक्साइड साचतो. घसा उघडा ठेवतो तो हवेचा दाब. त्यासाठीचे सीपॅप यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये पुढे आणले. – संपा.