अल्लशक्ती

अल्लशक्ती : (कारकीर्द : सातव्या शतकाचा मध्य). सेंद्रक कुळातील राजा. यास निकुंभाल्लशक्ती असेही म्हटलेले आढळते; बिरुद पृथिवीवल्लभ. मोलगीकडील सातपुड्याच्या डोंगराळ मुलखातून अक्कलकुव्याकडे उतरले म्हणजे तापीचे जे विस्तीर्ण खोरे लागते, त्याच्या एका अंगास दक्षिण गुजरात व दुसऱ्या अंगास खानदेश असून, या दोन्ही प्रांतांत त्याचा अंमल होता. भानुशक्ती हा त्याचा पितामह, आदित्यशक्ती हा पिता.

सेंद्रक मूळचे कर्नाटकातील. प्रथम कदंबांचे व पुढे बादामीच्या चालुक्यांचे मांडलिक. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा मामा श्रीवल्लभ सेनानंद हा सेंद्रकच होता, असे चिपळूणच्या ताम्रपटावरून दिसते. तेव्हा या घराण्यास उत्तरेकडील मुलूख मिळण्यास ती सोयरीक उपकारक झाली असावी. 642 मध्ये पल्लव नरसिंहवर्म्याने बादामी जिंकली आणि चालुक्य विक्रमादित्याने 655 च्या सुमारास गादी सावरीपर्यंत चालुक्यांची सत्ता विस्कळित राहिली. नेमक्या याच अवधीच्या अखेरीस अल्लशक्तीच्या सनदा निघू लागतात, आणि बगुम्र्याच्या सनदेत तर कोणाही अधिराजाचे नाव नाही. हे मौन हाच त्याच्या स्वातंत्र्याचा सर्वांत बोलका पुरावा होय.

साक्री तालुक्यातील कासारे येथील ताम्रपट कलचुरी संवत् 404 चा (इ. स. 653), सुरतेकडील बगुम्रा येथील 406 चा (655) आणि नागद येथील शके 577 चा (655) आहे. बगुम्र्याच्या पटाने त्रेयण्ण आहारातील (प्रशासकीय विभागातील) बलिसा हे गाव इनाम दिले आहे. एकच राजा दोन कालगणना वापरतो, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे : ज्या भागात दप्तरास जो संवत् अंगवळणी पडला होता, तोच त्याने चालू ठेवला. वा. वि. मिराशी यांनी कलचुरी संवताच्या लेखांचे 1955 मध्ये जे संपादन केले, त्यामुळे हा कालक्रम अभ्यासकांस सुलभ झाला.

राजाविषयी काय कळते हे साधनांच्या स्वरूपावर अवलंबून असते, हे एका तुलनेने स्पष्ट होईल. त्याच काळी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर दाल रियाता येथील गेलिक राजे राज्य करीत होते. त्यांपैकी डोनाल ब्रेक 642 मध्येच रणांगणी पडला. त्या राजांची माहिती मुख्यतः मठवासीयांच्या वार्षिक नोंदींतून मिळते, आणि त्या नोंदी युद्धे व मृत्यू सांगतात. आपल्याकडील ताम्रशासन जमिनीविषयी बोलते : इनाम कोणास, गाव कोणत्या आहारातील, राजपुरुषांनी तेथे पाऊल का ठेवू नये, आणि दान हिरावणाऱ्यास साठ सहस्र वर्षे नरकवास कसा घडेल. म्हणून अल्लशक्तीची एकही लढाई आपणास ठाऊक नसली, तरी त्याचा महसुली कारभार मात्र डोळ्यांसमोर उभा राहतो. आणि राज्यकर्त्याची योग्यता जोखण्यास ही सामग्री कमी मोलाची मानू नये.

671 पर्यंत नवसारीच्या बाजूस चालुक्यांची शाखा स्थिरावली. खानदेशात मात्र सेंद्रक टिकून राहिले. अल्लशक्तीचा पुत्र जयशक्ती याचा शके 602 चा (680) ताम्रपट चाळीसगावजवळील मुंदखेडे येथे मिळाला आहे.