जुन्या गळपेटीचा काळ ओळखताना सुरतेची जर

गळ टाकून मासे धरण्याचे, गोव्याच्या बोलीत गरवण्याचे, जुने साहित्य हाती आले की नजर प्रथम काठीकडे व दोरा गुंडाळण्याच्या चाकाकडे जाते. प्रत्यक्षात त्याचा काळ अधिक नेमकेपणाने सांगतात ती पेटीतील किरकोळ वाटणारी उपांगे. ती कशाची बनली आहेत हे ओळखणे, हीच त्यांच्या अभ्यासाची पहिली पायरी होय.

पिसांची बनावट माशी हे त्यांपैकी सर्वांत बोलके उपांग. तिच्या अंगाभोवती चकाकणारी तार गुंडाळलेली असते. ही तार समजून घेण्यास सुरतेचे जरकाम उपयोगी पडते. सुरतेत धातूची तार ओढून केसासारखी बारीक करतात, ती चपटी केली की बादला होतो आणि बादला धाग्यावर गुंडाळला की जर तयार होते. माशीवरील तारेचेही हेच दोन प्रकार आढळतात : नुसती चपटी पट्टी आणि धाग्यावर वळलेली तार. पारखही पैठणीच्या काठासारखीच करावी. चांदी काळवंडते. चांदीचा मुलामा दिलेले तांबे झिजले की तांबूस दिसते व त्यावर हिरवट थर चढतो. प्लॅस्टिकची झगमगीत पट्टी मात्र काळवंडत नाही. ती दिसली तर माशी बहुधा 1950 नंतरची समजावी.

दुसरी खूण गळाजवळच्या पारदर्शक तंतूची. नायलॉनची घोषणा 1938 साली झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा दोरा सर्वत्र रुळला. त्यापूर्वी हा तंतू रेशीमअळीपासून मिळे. कोश विणण्याच्या बेतातली अळी शिरक्यात भिजवून तिच्या रेशीमग्रंथी ओढून लांबवीत. हे तुकडे आखूड असल्याने जुन्या तंतूत थोड्या थोड्या अंतरावर गाठी दिसतात. वाळला की तो ठिसूळ होई, म्हणून वापरण्यापूर्वी भिजवावा लागे. लोकरी नमद्याचे थर असलेली चपटी गोल डबी याच कामासाठी असे. ती तंबाखूची किंवा औषधाची डबी नव्हे.

गळाच्या दांड्याचे टोकही पाहावे. दोरा ओवण्याचे छिद्र असलेले गळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. त्यापूर्वी बिनछिद्री दांड्यालाच तंतू बांधीत. मात्र चपट्या टोकाचे बिनछिद्री गळ आजही बनतात. शिवाय जुन्या पेटीत नवा गळ सहज येऊन पडतो. त्यामुळे एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. तार, तंतू व गळ यांची साक्ष एकत्र जुळली पाहिजे.

काही माश्यांवर मेणचट चकाकीचे पिवळसर-पांढरे ठिपके असलेली पिसे आढळतात. ती राखाडी रानकोंबड्याच्या मानेची. पश्चिम घाटात, गोव्यात मोल्याच्या रानातही वावरणारा हा पक्षी भारताबाहेर नैसर्गिकरीत्या आढळत नाही. त्याची पिसे एकेकाळी ब्रिटनमध्ये सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या माश्यांवर हौसेने लावीत. आज हा पक्षी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्यामुळे अशी वस्तू वारशाने मिळालेली असली, तरी ती विकण्यापूर्वी किंवा परदेशी पाठवण्यापूर्वी वन खात्याला विचारणे आवश्यक ठरते.

जतन करताना चांदी उजळण्याचे द्रावण वापरू नये. पातळ मुलामा त्याने निघून जातो आणि ओळखीची खूणही पुसली जाते. शिशाच्या वजनांवरील पांढरी भुकटी विषारी असते. ती हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत व ही वजने मुलांपासून दूर ठेवावीत. गंजलेला गळ घासण्याऐवजी कोरड्या कागदात गुंडाळून वेगळा ठेवावा, म्हणजे त्याचा गंज शेजारच्या माशीच्या तारेला व पिसांना लागत नाही.