घड्याळातली पट्टी, विहिरीवरचा स्टार्टर

आमच्या मामाची विहीर जिंतूर तालुक्यात. एका उन्हाळ्यात पाच एचपीच्या मोटरचा स्टार्टर सारखा ट्रिप व्हायचा. वैतागून मामानं ओव्हरलोड रिलेचा काटा साडेसात अँपिअरवरून दहावर नेला. ट्रिप होणं थांबलं. चार दिवसांत मोटर जळली आणि भुईमूग वाळला.

या रिलेची गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. जॉन हॅरिसन १७४० ते १७५९ अशी एकोणीस वर्षं जहाजासाठी एक घड्याळ बनवत होता. ऊन-थंडीनं घड्याळ चुकायचं. त्यानं पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. तापल्यावर पितळ जास्त वाढतं, म्हणून जोडपट्टी वाकते. त्या वाकण्यानं त्यानं वेळेची चूक भरून काढली.

तशीच जोडपट्टी आज रिलेत असते. मोटरनं जास्त करंट ओढला की पट्टी तापते, वाकते आणि मोटर बंद करते.

पण दोन पट्ट्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून प्रमाणित रिलेला थोडी सूट असते: काट्याच्या १.०५ पट करंटला दोन तास ट्रिप व्हायचं नाही, १.२ पटला दोन तासांच्या आत व्हायचंच. शिवाय मे महिन्यात परभणीचं ऊन! पत्र्याच्या पेटीत पट्टी नुसत्या हवेनंच वाकेल. म्हणून चांगल्या रिलेत हवेचा परिणाम खोडायला दुसरी पट्टी असते. म्हणजे पुन्हा हॅरिसनचंच काम.

तिसरी सूट विजेची. १९५६ च्या वीज नियमांनी व्होल्टेजला ६ टक्के कमी-जास्त चालवून घेतलं. म्हणजे ४१५ चे ३९० झाले तरी नियमात. लाइनच्या टोकाला त्याहून कमी मिळालं, तरी पाणी तेवढंच उपसायचं, म्हणून मोटर करंट जास्त ओढते. मामाचा रिले बिघडला नव्हताच. तो खरं सांगत होता.

आता हिशोब करा. काटा साडेसातवर असता तर ९ अँपिअरला मोटर नक्की बंद झाली असती. दहावर नेल्यावर ती खात्री थेट १२ ला. करंट दीडपटीहून थोडा जास्त, पण उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. साडेसातच्या तुलनेत अडीचपट!

सूट आधीच मोजून ठेवलेली असते, मंडळी. मोटरच्या पाटीवरचा आकडा बघा, काटा तिथंच ठेवा. तरी ट्रिप झालं, तर आधी व्होल्टेज मोजा. मामा आता तेच करतो.