भद्रावतीची भट्टी

शिमोगा जिल्ह्यातील भद्रावतीचे जुने नाव बेंकीपूर. कानडीत बेंकी म्हणजे अग्नी. या गावाच्या नशिबी पुढे खरोखरच भट्टी आली, हा योगायोग आपण क्षणभर बाजूस ठेवू. कारण ही भट्टी दैवाने नव्हे, माणसांनी पेटविली.

पुण्यास शिकलेले आणि मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांच्या कामांनी नावारूपास आलेले विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण असताना, १९१८ च्या सुमारास, ही योजना सिद्ध झाली. संस्थानात दगडी कोळसा नव्हता. रान मात्र दाट होते. तेव्हा लाकडाच्या कोळशावर केम्मनगुंडीचे खनिज वितळवावयाचे, आणि कोळसा करताना निघणाऱ्या वाफांतून मद्यार्कासारखे पदार्थ काढावयाचे, असे ठरले. जवळ आहे त्यावर उभे राहावे, हे त्यामागचे सूत्र.

१९२३ साली भट्टी पेटली, पण महायुद्ध संपून लोखंडाचे भाव कोसळले होते. तोटा आला, टीकाही झाली. विश्वेश्वरय्यांनी अध्यक्षपद स्वीकारून १९२९ पर्यंत कारखान्याची घडी बसविली. १९३६ मध्ये पोलाद निघू लागले. पुढे जोगच्या धबधब्याची वीज मिळाली, तेव्हा विजेच्या भट्ट्याही आल्या.

मग ऱ्हास कशाने झाला? भिलाई, रूरकेला, दुर्गापूर येथे लाखो टनांचे कारखाने उभे राहिले. त्यांच्यापुढे भद्रावती लहान ठरली. केम्मनगुंडीची खाण बंद पडली आणि खनिज विकत आणणे भाग पडले. जवळच्या साधनांवर उभारलेल्या कारखान्याचा आधारच सुटला. १९८९ मध्ये तो केंद्राच्या पोलाद प्राधिकरणाकडे गेला, १९९८ मध्ये त्यात विलीन झाला. विक्रीचा प्रयत्न २०२२ मध्ये सोडून देण्यात आला, आणि जानेवारी २०२३ मध्ये कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. कामगार रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी पोलाद लाटण्याची गिरणी पुन्हा फिरू लागली.

तोट्याचा कारखाना कोणी किती काळ पोसावा, हा प्रश्न खोटा नव्हे. परंतु १९२३ सालीही तो तोट्यातच होता. त्या वेळी हिशेब मांडणाऱ्यांनी जमाखर्चाच्या वहीत गावासाठीही एक रकाना ठेवला होता. तो रकाना आपण कधी आणि का पुसला, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.