साथीचा आवाज : तबला, ड्रमसेट आणि बेळगावचा एक धागा



तबलजीच्या कामाला मराठीत आपण ‘साथ’ म्हणतो. शब्द गोड आहे, पण त्यात एक उतरंडही दडलेली आहे. मैफल गवयाची, साथ तबलजीची. कार्यक्रमपत्रिकेत गवयाचे नाव मोठ्या टायपात, तबला-पेटीची नावे खाली, बारीक. पाश्चात्त्य रॉक संगीतातही स्थिती फार निराळी नव्हती. गायक आणि गिटारवाला पुढे, ड्रमवाला मागे. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ नावाचा जो प्रवाह सुरू झाला, त्यात ही उतरंड हलली. ती कशी हलली, आणि पुढे अमेरिकेतील एका बँडच्या कहाणीत बेळगावचा एक धागा कसा गुंफला गेला, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे. ज्यांच्या बेसमेंटमध्ये ड्रमसेट आहे आणि त्यावरून घरात वाद आहेत, त्यांनी जरा जास्तच लक्ष द्यावे ही विनंती.

साधे रॉक गाणे तीन-चार मिनिटांचे आणि चार मात्रांच्या ठेक्याचे असे. प्रोग्रेसिव्ह मंडळींना ते अपुरे वाटू लागले. ‘येस’ या बँडची ‘क्लोज टू द एज’ ही १९७२ ची रचना तबकडीची एक अख्खी बाजू व्यापते. पिंक फ्लॉइडचे १९७३ चे ‘मनी’ हे गाणे सात मात्रांत चालते. रूपक आणि झपतालावर वाढलेल्या आपल्या कानांना सात काय आणि दहा काय, त्याचे नवल नाही. पण पाश्चात्त्य श्रोत्याला ते नवे होते. चार मात्रांच्या गाण्यात श्रोता आपला आपण टाळी देतो, ड्रमवाला चुकला तरी गाडे पुढे जाते. सात किंवा अकरा मात्रांत मात्र सम कुठे आहे हे सांगणारा तोच एक असतो. त्यामुळे त्याच्या हाताखाली नेमका कोणता आवाज निघतो, याला एकाएकी महत्त्व आले.

हा मुद्दा आपल्याला समजावून सांगावा लागू नये. तबल्यात आपण ‘बाज’ म्हणतो आणि ‘निकास’ म्हणतो. दिल्लीचा बाज किनारीवरचा, बोटांचा, बंद. पूरबचा बाज खुला, पंजाचा, घुमणारा. कायदा तोच असला तरी अहमदजान थिरकवा आणि अल्लारखा यांचा हात डोळे मिटूनही वेगळा ओळखता येतो. लय शिकवता येते, बोल लिहून ठेवता येतात. निकास मात्र ज्याचा त्याने घडवायचा असतो.

ड्रमसेटवरही हेच घडते, आणि ते आपण घरी पडताळून पाहू शकता. बिल ब्रुफर्ड हा ‘येस’चा पहिला ड्रमवादक. त्याचा स्नेअर ड्रम कडक ताणलेला, काठासकट आघात करून वाजवलेला. त्याचा टणत्कार सगळ्या वाद्यांतून आरपार ऐकू येतो. १९७२ मध्ये बँड यशाच्या शिखरावर असताना तो ‘किंग क्रिमसन’मध्ये निघून गेला आणि त्याच्या जागी अ‍ॅलन व्हाइट आला. व्हाइटचा हात जड, भरदार, रॉकच्या मुशीतला. १९७३ मध्ये निघालेल्या ‘येससाँग्ज’ या मैफलींच्या संग्रहात बहुतेक वादन व्हाइटचे आहे, पण ‘पर्पेच्युअल चेंज’सारखे मोजके तुकडे ब्रुफर्डचे आहेत. गायक तोच, गिटार तीच, बास तोच. एकापाठोपाठ एक ऐका. एका बँडमध्ये गाणे पायांच्या चवड्यांवर उभे असल्यासारखे वाटते, दुसऱ्यात ते टाचा रोवून उभे राहते. व्हाइट पुढे २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, त्या बँडमध्ये राहिला. त्या पन्नास वर्षांचा ‘येस’ हा त्याच्या हाताचा ‘येस’ आहे.

कधी कधी आवाज बंधनातून जन्मतो. पीटर गेब्रिएलने १९८० मध्ये निघालेल्या आपल्या तिसऱ्या तबकडीसाठी अट घातली, की ड्रमवादकांनी झांजांना हात लावायचा नाही. वाजवायला होता त्याचा ‘जेनेसिस’मधला जुना सहकारी फिल कॉलिन्स. झांजांची खळखळ गेल्यामुळे ध्वनिमुद्रणात मोकळी जागा उरली. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतील दगडी भिंतींच्या खोलीत ड्रमचा घुमारा प्रचंड मोठा करून तो मध्येच कापून टाकण्याची युक्ती ह्यू पॅडहॅम या ध्वनिमुद्रकाने तिथे वापरली. पुढच्याच वर्षी कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये तो आवाज घरोघरी पोचला आणि नंतरच्या दहा वर्षांतल्या अनेक गाण्यांचे ड्रम तसे वाजू लागले.

आता आपल्या अमेरिकेकडे येऊ. ‘ड्रीम थिएटर’ हा बँड १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांनी सुरू केला. त्यातला माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडला. जागा भरण्यासाठी जगातील सात नामवंत ड्रमवादकांची चाचणी झाली आणि बर्कलीत शिकवणारे माइक मँजिनी निवडले गेले. तंत्रात ते कुठेही उणे नव्हते. तरीही तेरा वर्षे चाहत्यांचा वाद संपला नाही, आणि २०२३ मध्ये पोर्टनॉय परतला तेव्हा लोकांना घरचे माणूस आल्यासारखे वाटले. यात मँजिनींचा काही दोष नव्हता. लोकांनी पंचवीस वर्षे जो आवाज ऐकला, तोच त्यांच्या लेखी तो बँड झाला होता.

आणि आता बेळगाव. मेनकाबाई शिरोडकर या नर्तकी आणि गायिका, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची मुलगी भानुमती १९२५ मध्ये बेळगावात जन्मली. भुर्जी खाँसाहेबांकडे शिकली, लग्नानंतर शोभा गुर्टू झाली आणि ठुमरीची सम्राज्ञी म्हणून भारतभर गाजली. शोभाताईंचा मुलगा त्रिलोक १९५१ मध्ये मुंबईत जन्मला. घरात ठुमरी, दादरा आणि दिवसभर तबला. त्रिलोक तबला शिकले आणि १९७० च्या दशकात ड्रमसेटकडे वळले. जिमी हेंड्रिक्ससारख्यांच्या तबकड्या ते ऐकत, पण एकाच गाण्यात अनेक थर वेगवेगळे मुद्रित करून एकावर एक चढवतात हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून ऐकू येईल ते सगळे त्यांनी एकट्याने वाजवायचा सराव केला! ही हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे. जे अज्ञान अडसर ठरायचे, त्यातून दोन हातांचा चार हातांइतका पसारा झाला.

१९७७ मध्ये ‘एम्ब्रियो’ या म्युनिकच्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या ‘अपो-कॅलिप्सो’ या तबकडीवर ते वाजले, आणि त्याच तबकडीवर शोभाताई गायल्या. एका जर्मन रॉक बँडमध्ये मायलेक! आपल्याकडच्या संगीताच्या इतिहासात ही नोंद क्वचितच आढळते.

त्यांच्या आयुष्यातले मोठे वळण अमेरिकेतील ‘ओरेगॉन’ या बँडमुळे आले. त्याला कोणी रॉक बँड म्हणणार नाही. गिटार, ओबो, डबल बास, आणि तालवाद्यांवर व सतारीवर कॉलिन वॉलकॉट. वॉलकॉट हा अमेरिकन तरुण रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखांकडे तबला शिकलेला. त्याचा तबला मृदू, सतारवादकाच्या मनाने वाजवलेला. ८ नोव्हेंबर १९८४ रोजी दौऱ्यावर असताना पूर्व जर्मनीत माग्देबुर्गजवळ मोटार अपघातात तो गेला. उरलेल्या तिघांसमोर प्रश्न उभा राहिला, की बँड मिटवायचा की कोणाला तरी वॉलकॉट ‘करायचा’?

त्यांनी त्रिलोक गुर्टूंना बोलावले, आणि वॉलकॉटची नक्कल करायला लावले नाही. १९८७ ची ‘एकोटोपिया’ ऐकली की फरक लगेच कळतो. गुर्टू स्टुलावर बसत नाहीत. जमिनीवर गुडघा टेकून, तबलजीच्या उंचीवर राहून वाजवतात. बाजूला तबला-डग्गा, समोर ड्रम, वर झांजा, आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो, मिंडेसारखा घसरतो. डग्ग्यावर तळहाताने दाब देऊन आपण जे करतो, तेच त्यांनी धातूकडून करून घेतले. ठुमरीत शोभाताई एकाच शब्दाला दहा वळणांनी आळवत. त्या घरात वाढलेल्या कानाला न वाकणारा आवाज रुचला नसावा, असे मला वाटते.

१९८८ पासून जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकुटात ते वाजवू लागले. मॅक्लॉफ्लिन तेव्हा विजेविना गिटार वाजवीत. नेहमीचा ड्रमसेट अशा गिटारला सहज गिळून टाकतो. गुर्टूंची मांडणी मात्र कुजबुजू शकत होती आणि क्षणात गरजूही शकत होती. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये नोव्हेंबर १९८९ मध्ये मुद्रित झालेली त्यांची मैफल ऐका. साथीदाराच्या आवाजाने नायकाला कोणते वाद्य हाती धरता येईल, हे तिथे ठरलेले दिसते. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, ‘उसफ्रेट’ ही त्यांची स्वतःची तबकडी निघाली. तिच्यातही आई गायली आहे.

ओरेगॉनमधून गुर्टू १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर पडले. त्यानंतर उरलेल्या तिघांनी काही काळ चौथा माणूस न घेताच वादन केले. रिकाम्या खुर्चीलाही आवाज असतो.

पुढची पिढी तर आपल्या डोळ्यांसमोरची. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर वाढलेल्या कर्ष काळे यांनी ड्रमसेट आणि तबला दोन्ही हाताळले, तबल्याला विजेची जोड दिली, आणि २००० मध्ये झाकीर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू यांच्यासोबत ‘तबला बीट सायन्स’मध्ये सामील झाले. आडनाव वाचताच आपल्यापैकी अनेकांची मान ताठ होईल.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून एक कोरडी वाटणारी गोष्ट सांगतो. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कॉपीराइटचे संरक्षणच नव्हते. कायद्याला दिसत होती ती रचना, म्हणजे कागदावर लिहिता येणारे स्वर आणि शब्द. त्या तारखेनंतर मुद्रणाला संरक्षण मिळाले, पण ते त्या विशिष्ट मुद्रणापुरते. तुमचा हात, तुमचा निकास कोणी हुबेहूब उचलला, तर कायदा काही म्हणत नाही. रचनाकाराचे नाव आणि मानधन गिटारवाल्याला किंवा गायकाला. ज्याच्या आवाजाने बँड ओळखला जातो, त्याच्या वाट्याला बहुधा फक्त वाजवल्याचे पैसे. जे लिहिता येते तेच कागदपत्रांत उरते, आणि कागदपत्रांवरून इतिहास लिहिणारे आम्ही लोक उरलेले विसरतो. मेनकाबाई आणि शोभाताई यांच्या वर्गातल्या किती गायिकांच्या मागे कोण वाजवीत होते, त्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील?

म्हणून दोन विनंत्या. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे, पत्रिका, छायाचित्रे अनेकांच्या कपाटांत पडून आहेत. माझ्या वयाची माणसे एकेक करून निघत आहेत. तबला, पेटी, ढोलकी, ड्रम कोणी वाजवले, ती नावे त्या पाकिटांवर आत्ताच लिहून ठेवा. दुसरी विनंती आईवडिलांना. मूल तबल्याच्या परीक्षा देत असेल तर उत्तमच. शिस्तीशिवाय हात बसत नाही. पण तेच मूल संध्याकाळी खाली जाऊन ड्रमसेटवर तोच कायदा बडवत असेल, तर त्याला संस्कृती सोडून चालला म्हणू नका. बेळगावच्या मेनकाबाईंचा नातू पाण्याच्या बादलीत झांज बुडवून जगभर ऐकला गेला, आणि त्यासाठी त्याला आईचे गाणे सोडावे लागले नाही.

दार बंद करून घ्या हवे तर, शेजाऱ्यांचाही विचार हवाच. पण कधी तरी जिना उतरून खाली जा आणि मुलाचा हात कसा बोलतो ते ऐका.

आपणा सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.